पिंपळाईनं कवच सोडलं

देवी अंगावरचा शेंदूर सोडते तो तिच्या मर्जीनं. माणसानं त्याला नख लावायचं नसतं. नर्मदेकाठच्या हिंदी मुलखात, घमापुरातल्या मराठी घरांत हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, पण पाळत सगळेच होते. पिंपळाखालच्या देवळीतली पिंपळाई, हिंदी शेजाऱ्यांची पीपलवाली माई, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं अशी भरली होती की चांदीचे दोन डोळे सोडले तर नुसता केशरी गोळा दिसे. शेंदराचं हे जाड कवच कधीतरी आपसूक तडकतं, गळून पडतं. मग लोक ते वाजतगाजत नर्मदेत सोडतात, देवीची ओटी भरतात आणि पुन्हा नवा लेप चढवतात. पण हयात माणसांपैकी हे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

देवळीची किल्ली बाबारावांकडे असे. बाबाराव रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, विधुर, आणि अंगानं बेताचे. पण फेटा बांधून, उपरणं कमरेला कसून ते नारदाच्या गादीवर उभे राहिले की हाच माणूस सकाळी नळावर बादली घेऊन भांडत होता हे सांगूनही पटत नसे. गळा गोड, बोलणं साखरेत घोळलेलं. पूर्वरंगात माणसं डोलायची, उत्तररंगात रडायची. सगळी गल्ली त्यांना बुवा म्हणे, आणि बुवा गादीवरून बोलले म्हणजे ते देवाच्या दारचं, असं धरून चाले.

एकाहत्तर सालचा नोव्हेंबर होता. लढाई अजून जाहीर झाली नव्हती, पण फॅक्टऱ्यांना आधीच कळलेलं होतं. भोंगे वेळी-अवेळी वाजत. गल्लीतले निम्मे पुरुष बारूद भरायच्या फॅक्टरीत होते. ते घरी येत ते हातांना पिवळट रंग घेऊन, जेवत आणि झोपत. बायका रेडिओला कान लावून बसत. त्या दिवसांत बाबाराव एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे कीर्तनाला जवळच्या पाटन गावी गेले. पहाटेच्या गाडीनं परतले, आंघोळ करून देवळीचं दार उघडलं, आणि उंबऱ्यावरच त्यांचे हात जोडले गेले.

पिंपळाईच्या पायाशी शेंदराची मोठमोठी खापरं पडली होती, त्यांतच चांदीचे दोन डोळे. आणि वर, इतकी वर्षं गोळ्यात दडलेली, काळ्या दगडाची एक बाई बसली होती. गळ्यात माळा, कमरेला साखळ्या, एक पाय दुमडलेला, ओठांवर कळेल न कळेल असं हसू.

"माय," एवढंच बाबारावांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी बाहेर येऊन घंटा धरली ती सोडलीच नाही.

अख्खी गल्ली धावली. बायका, शिफ्टवरून आलेले पुरुष, शेजारचे यादव, गोहलपुरातले ओळखीचे. त्या गर्दीत बाबारावांचा मुलगाही होता. चंद्रशेखर कॉलेजात इतिहास शिकवी. तो मागं उभा होता, हाताची घडी घालून. बाबारावांनी त्याला मिठी मारली.

"शेखर, पाहिलं? तुझ्या माईनं कवच सोडलं. अरे, माझ्या हयातीत."

"हो अण्णा," शेखर म्हणाला. "नवा लेप एवढ्यात नका चढवू. डिसेंबरच्या शेवटी आमची परिषद आहे. मध्ययुगातली कला, इतिहास. बाहेरगावचे मोठमोठे लोक येऊन राहिले. त्यांना दाखवू."

"दाखव ना. माई काय माझ्या एकट्याची?"

त्याच संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, पिंपळाखाली कीर्तन झालं. बाबारावांनी योजलेलं आख्यान बाजूला ठेवलं. झांजेचा ठेका थांबवला, दोन्ही हात पसरले आणि विचारलं, "कवच कोण उतरवतो हो? लढाईच्या तोंडावर अंगातलं कवच कोण काढून ठेवतो?"

त्यांनी रांगांवरून नजर फिरवली.

"ज्याला ते लेकराच्या अंगावर घालायचं असतं तो. माईनं आपलं कवच उतरवलं ते कोणासाठी? तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन मरणाच्या दारात जाता ना, तुमच्यासाठी. आजपासून या गल्लीतला प्रत्येक गडी माईचं कवच घालून फॅक्टरीत जाईल. आयांनो, लेकींनो, माईची ओटी भरा आणि निर्धास्त राहा."

पुरुषांनी डोळे पुसले. बायांच्या रांगेत हेमलता बसली होती, लेक मांडीवर घेऊन. तिनंही पदर डोळ्याला लावला.

हेमलताचा नवरा मुरलीधर बारूद भरायच्या खात्यात होता. महिन्याभरापूर्वी त्याच्या शेजारच्या बाकावरच्या माणसाचा पंजा उडाला, तेव्हापासून मुरलीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवताना घास हातातच राही. त्यानं साहेबाला विनवून लाकडी खोकी करायच्या खात्यात बदली मागितली होती आणि साहेब हो म्हणाला होता. फक्त मुरलीनं सोमवारी जाऊन सांगायचं, की येतो.

सोमवारी मुरली बाबारावांकडे आला. "बुवा, हेमा म्हणते, आता काहून भिता? माईनं कवच दिलं. ऐन लढाईत खातं सोडून पळाले म्हणतील लोक."

"तुला काय वाटते?"

"मले तर भ्याव वाटूनच राहिलं," मुरली हसून म्हणाला. "पण तुम्ही सांगितलं म्हणजे..."

बाबारावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना त्या क्षणी खरोखरच तिथं कवच लागलं हाताला, कासवाच्या पाठीसारखं टणक. "जा बेटा," ते म्हणाले. "माई आहे."

मुरली आपल्या जुन्याच बाकावर परत गेला. लढाई जाहीर झाली. काचांना काळे कागद लागले. आणि लढाईच्या ऐन मध्यावर, एका दुपारी, फॅक्टरीच्या बाजूनं असा आवाज आला की घमापुरातल्या फळ्यांवरची भांडी खाली आली. दोन माणसं गेली. एक दुसऱ्या वस्तीतला. दुसरा मुरली. घरी जे आणलं ते बांधूनच आणलं होतं, आणि हेमलताला ते सोडू दिलं नाही.

आता गल्लीसमोर एक प्रश्न उभा राहिला, आणि तो बाबारावांच्या छातीवर तर धोंड्यासारखा बसला. त्याच खात्यात गल्लीतले आणखी किती तरी होते. कोणाला ओरखडा नाही. मग मुरलीचंच कवच कुठं गेलं?

उत्तर मुरलीच्या आईनं, राधाबाईंनी शोधलं. सगळ्या घरांनी पिंपळाईची ओटी भरली होती, हेमलतानं भरली नव्हती. त्या दिवसांत ती बाहेरची होती, बाजूला बसलेली. मग लेक तापानं फणफणली, आणि राहता राहता राहिलंच. राधाबाई बाबारावांकडे येऊन जमिनीवर बसल्या. "बुवा, खरं सांगा. ओटी राहिली म्हणून ना?"

बाबाराव काय बोलणार? नाही म्हणावं, तर माईचा शब्द खोटा पडतो. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "राहायला नको होती."

तेवढंच. पण बुवांचं तेवढंच पुरतं. दिवस उलटले तशी हेमलताची थाळी वेगळी झाली. नळावर तिला वाट मिळे, शब्द मिळत नसे. ती स्वतःही काही म्हणत नसे, कारण तिलाही तेच वाटत होतं. मीच जा म्हणाले आणि मीच ओटी विसरले, असं ती एकदा देवळीसमोर पुटपुटताना बाबारावांनी ऐकलं आणि ते दार न उघडताच परत फिरले. शेवटी राधाबाईंनी पाटनला तिच्या भावाला निरोप धाडला, येऊन बहिणीला घेऊन जा. "पोर मात्र इथं राहील," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मुरलीची एवढीच खूण आहे आम्हाला."

लढाई संपली. फटाके वाजले, पेढे वाटले गेले, आणि डिसेंबरच्या शेवटी शेखरची परिषद भरली.

बाबारावांना त्यानं उद्घाटनाला नेलं होतं. पहिल्या रांगेच्या मागं बसून बाबारावांनी बडोद्याच्या, कलकत्त्याच्या, पुण्याच्या विद्वानांना डोळे भरून पाहिलं. मफलर गुंडाळलेली, चष्मे लावलेली, थकलेली भली माणसं. एक उठून म्हणे, मंदिर अकराव्या शतकातलं. दुसरा उठून म्हणे, माझ्या विद्वान मित्राची क्षमा मागून, दहाव्या. बाबारावांना मौज वाटली. हाही एक पूर्वरंगच, त्यांच्या मनात आलं, फक्त आरती नाही. आणि आपल्याकडे घंटा देवासाठी वाजवतात, इथले अध्यक्ष बोलणाऱ्याला गप्प करायला वाजवतात.

स्वतःच्या निबंधाच्या दिवशी मात्र शेखर म्हणाला, "आज नका येऊ अण्णा. कंटाळाल." पण बापाचं काळीज. पोरगा एवढ्या सभेत बोलणार आणि आपण घरी डाळ निवडत बसायचं? बाबाराव धोतर-कोट घालून गेले आणि शेवटच्या रांगेत खांबाआड बसले.

सभागृहाच्या खिडक्यांना लढाईतले काळे कागद अजून तसेच होते. शिपायानं दार लोटलं तसा पुरता अंधार झाला, आणि भिंतीवर चित्र उमटलं. पिंपळाई. त्यांची रोजची, केशरी, चांदीच्या डोळ्यांची. बाबारावांनी अंधारात हात जोडले.

शेखर हिंदीत वाचत होता, मध्ये मध्ये इंग्रजी. कलचुरी राजवट, योगिनींची पूजा, भेडाघाटच्या मूर्तींशी साम्य. मग दुसरं चित्र आलं.

पिंपळाई अर्धी उघडी होती. एका बाजूला शेंदूर, दुसऱ्या बाजूला काळा दगड. खांद्याजवळ कवचाच्या फटीत एक लाकडी छिन्नी खोचलेली होती. पायाशी तेलाचा डबा, चिंध्या, मापाची पट्टी. चांदीचे डोळे काढून बाजूला एका वाटीत ठेवलेले होते. ती वाटी बाबारावांच्या घरची होती.

"लेप बहुत पुराना था," शेखर सांगत होता, "तेल से नरम करके धीरे-धीरे निकाला. मूर्ति को कोई क्षति नहीं हुई."

तिसरं चित्र आलं, मोकळी देवी. पायाशी खापरं. सभागृहातून वाहवा उठली. खरी, मनापासूनची.

वाचन संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध बाईंनी विचारलं, "स्थानीय लोगों ने विरोध नहीं किया?"

"जी नहीं," शेखर म्हणाला. "उन्हें लगा कि लेप अपने आप गिरा है."

सभेत हसू पसरलं. त्यात वाईट काही नव्हतं. लेकराच्या भाबडेपणावर मोठी माणसं हसतात तसं. मग शिपायानं दार उघडलं, उजेड आला, आणि शेखरला खांबाआड त्याचा बाप दिसला.

चहाच्या वेळी तो धावत व्हरांड्यात आला. बाबाराव कठड्याला टेकून उभे होते. हातातला चहा त्यांनी तोंडाला लावला नव्हता.

"अण्णा, मी सांगणारच होतो."

"केव्हा?"

"तुम्ही पाटनला होते. दुपारी देवळी बंदच असते, किल्ली घरीच होती. मला वाटलं, हळूच साफ करीन, फोटो घेईन, तुम्ही आले की पाय धरीन. पण तुम्ही पहाटेच आले आणि घंटाच वाजवली. एवढे खुश होते तुम्ही. गर्दी जमली. मग कसं बोलू?"

"आणि संध्याकाळी? कीर्तनात?"

"तुम्ही असं काही सांगाल हे मला काय माहीत? मला वाटलं, परिषद होऊन जाऊ दे. लोकांना आधी कळलं असतं तर त्यांनी रातोरात शेंदूर थापला असता. दोन वर्षं मी या एका मूर्तीच्या मागे होतो." शेखरचा आवाज खाली आला. "मी बॉम्ब थोडाच भरला, अण्णा."

"नाही," बाबाराव म्हणाले. "तो मुरलीनं भरला."

मागं विद्वानांचं हसणं-खिदळणं चाललं होतं, कोणी बशीत जिलेबी मागत होतं.

"उद्या सकाळी सगळे मूर्ती पाहायला गल्लीत येऊन राहिले," शेखर म्हणाला. "बस ठरली आहे. तुम्ही स्वागताचे दोन शब्द बोलायचे आहेत. तेवढं होऊन जाऊ द्या. मग तुम्ही म्हणाल ते करू. आत्ता बोलले तर लोक मला गल्लीत उभं राहू देतील काय?"

"उद्या सकाळी हेमाचा भाऊ येणार आहे," बाबाराव म्हणाले. "ती पोरीला इथं सोडून जाईल. ओटी राहिली म्हणून."

"हे तुम्ही राधाकाकूंना घरात बोलावून सांगा ना. चारचौघांत काहून?"

बाबारावांनी चहा कठड्यावर ठेवला. "मी तरी कुठं घरात बोललो होतो?"

घरी आल्यावर त्यांनी देवळी उघडली आणि पिंपळाईसमोर बसले. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. शेखरवर रागावून पाहिलं, पण राग पोराला वळसा घालून परत त्यांच्याच दारी येई. शेंदूर त्यानं काढला, खरं. पण शेंदूर काही बोलला नव्हता. माईही काही बोलली नव्हती. ती तेव्हाही असंच ओठ मिटून हसत होती. बोलले होते बाबाराव. कवच असं झालं, कवच तसं झालं. हे सगळं त्यांनी गोड गळ्यानं माईच्या तोंडी घातलं आणि टाळ्या स्वतः घेतल्या. आणि मुरली गेल्यावर तिचा शब्द राखायचा म्हणून एका पोरीचा बळी दिला, तोही शब्द तिचा नव्हताच. "तुझ्या नावावर मी माझंच खपवलं," ते म्हणाले. उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. उत्तरं ऐकू येण्याची सवयच आता भयंकर वाटत होती.

सकाळी बस पिंपळापर्यंत आली नाही, गल्लीच्या तोंडाशीच थांबली. विद्वान मंडळी मफलर सावरत, गटारं चुकवत आली. गल्लीनं रांगोळ्या काढल्या होत्या. आपली माई पाहायला एवढे साहेब आले याचं सगळ्यांना कौतुक. राधाबाईंच्या दारात सायकल रिक्षा उभी होती, त्यात पत्र्याची पेटी आणि वळकटी. हेमलताचा भाऊ रिक्षाशी उभा. हेमलता उंबऱ्यात, आणि तिच्या लेकीला, मनीषाला, राधाबाईंनी हाताला घट्ट धरून ठेवलेलं.

शेखरनं ओळख करून दिली. "हमारे पिताजी, बाबाराव जी. यहाँ के कीर्तनकार. दो शब्द कहेंगे."

बाबाराव फेटा न बांधता आले होते. गल्लीतल्या बायांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी पायाखाली सतरंजीही घेतली नाही. पाहुण्यांना नमस्कार केला आणि गल्लीकडे तोंड केलं.

"मी आज गाणार नाही," ते म्हणाले. "ऐका. माईनं कवच सोडलं नव्हतं. ते माझ्या पोरानं छिन्नीनं काढलं, मी गावाला गेलो तेव्हा. या लोकांना दाखवायला. मला काल कळलं."

एक क्षण कोणाला काही समजलंच नाही. मग मागून कोणी तरी म्हणालं, "काय म्हणून राहिले बुवा?"

"थांबा. त्यानं शेंदूर काढला, तेवढंच त्याचं. माईनं तुम्हाला कवच दिलं हे मी बोललो. मला कोणी सांगितलं नव्हतं. ना माईनं, ना कोणी. मुरलीला भीती वाटत होती, त्याला बदली मिळाली होती, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला परत पाठवलं. तो गेला, तेव्हा ओटीवर ढकललं. ओटीचा काही संबंध नाही. हेमाचा काही दोष नाही. दोष माझा आहे."

पाहुण्यांतल्या ज्यांना मराठी कळत होतं त्यांनी इतरांना कानात सांगितलं. कालच्या त्या वृद्ध बाईंनी चष्मा काढला आणि खाली पाहिलं. कोणी मूर्तीकडे गेलं नाही. गल्लीतला गलका वाढू लागला. दोघा-तिघांनी शेखरकडे पाहून बाह्या सारल्या, तसा यादव मध्ये पडला, "चलो भैया, पहले मेहमानों को जाने दो," आणि त्यानं शेखरला त्या मंडळींबरोबर बसकडे रेटत नेलं. जाताना शेखरनं वळून पाहिलं. बाबारावांनी पाहिलं नाही.

ते राधाबाईंच्या दाराकडे चालत गेले. लोक बाजूला झाले, पण पूर्वी वाट देत तसे नाही.

राधाबाईंचा चेहरा दगडासारखा होता. "शेंदूर कोणी काढला ते तुम्ही बापलेक जाणा," त्या म्हणाल्या. "ओटी तर तिची राहिलीच होती ना?"

बाबाराव उत्तर द्यायला गेले. ज्या तोंडानं ते बी पेरलं होतं त्याच तोंडाला आता ते उपटता येत नव्हतं.

हेमलता उंबऱ्यातून खाली उतरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं मान वर केली होती.

"राहिली," ती सासूला म्हणाली. "राहिली तर राहिली." तिनं राधाबाईंच्या मुठीतून मनीषाचा हात एक एक बोट सोडवून घेतला. राधाबाईंनी ओढलं नाही. त्यांचे हात गळाले होते. मग ती भावाला म्हणाली, "दादा, तू जाऊन ये. मी येऊन नाही राहिली."

तिनं रिक्षातली वळकटी काखेत मारली. पेटी जड होती. बाबाराव पुढं झाले आणि त्यांनी पेटीची एक कडी धरली.

"बुवा," हेमलता म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. "मी त्यांना जा म्हणाले, ते तुमच्या भरवशावर."

"हो."

"ते मागत होते माझ्याकडे. दोन रात्री मागत होते, की हेमा, तू नको म्हण, म्हणजे मला साहेबाला जाऊन सांगता येईल. मी नको म्हणाले नाही." तिनं वळकटी दुसऱ्या काखेत घेतली. "आता मला तुमचं काही सांगू नका. माईचंही नका सांगू. ठेवा ती पेटी."

बाबारावांनी पेटी खाली ठेवली. भावानं ती उचलून आत ठेवली आणि तो रिक्षाकडे परतला. हेमलता पोरीला घेऊन आत गेली, आणि तिनं दार लोटून घेतलं, राधाबाईंना बाहेरच ठेवून. थोड्या वेळानं आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

बाहेर पायरीवर राधाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, खाली मातीत, बाबाराव. दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हते. गल्ली हळूहळू आपापल्या घरात गेली. फॅक्टरीचा भोंगा झाला तशी माणसं डबे घेऊन निघाली. त्यांच्याजवळून जाताना एक जण थांबला. सवयीनं वाकायला गेला, मग पुन्हा सरळ झाला आणि पुढं चालू लागला. बाबारावांना त्याला थांबवून काही सांगावंसं वाटलं, सांभाळून राहा, एवढंच. पण माई आहे, हे त्यापुढं लावल्याशिवाय ते वाक्य त्यांना कधी म्हणताच आलं नव्हतं. तो वळणापलीकडे जाईपर्यंत ते त्याच्या पाठीकडे पाहत राहिले.